गवा मातीत उभा करायचा असेल तर: खानापूरच्या रानाकाठी वन्यप्राणी-शिल्प शिकणाऱ्यांसाठी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटीच्या पट्ट्यात गव्याला सर्रास 'गवारेडा' म्हणतात आणि वन्यप्राण्यांची शिल्पं करायला निघालेला नवखा पहिल्यांदा या नावालाच फसतो. नाव रेड्याचं, पण प्राणी गाईच्या कुळातला. म्हैस त्याची लांबची नातेवाईक. तरीही नवख्याच्या हातून उतरलेला गवा म्हणजे बहुतेक वेळा गव्याची शिंगं लावलेली म्हैस असते. पाठ सपाट, नाक पुढे ताणलेलं, सगळं अंग पिंपासारखं गोल.

आपल्या भागातल्या माणसाला हे समजायला अवघड नाही, कारण तिन्ही जनावरं त्याच्या नजरेखालची आहेत. खिलार बैलाचं वशिंड मांसाचं असतं, म्हणून ते चालताना हलतं, म्हातारपणी एका बाजूला कलतं. म्हशीला वशिंडच नाही. गव्याच्या पाठीवरचा उंचवटा मात्र हाडाचा. खांद्यामागच्या मणक्यांचे काटे लांब होऊन वर आलेले असतात, त्यांचा तो कणा. तो खांद्यापासून मागे जातो आणि पाठीच्या साधारण मध्यावर पायरीसारखा एकदम उतरतो. हलत नाही, कलत नाही. ही पायरी बसली की पन्नास पावलांवरून गवा ओळखू येतो. ती चुकली की शिंगं, पोळी (गळ्याखाली लोंबणारी कातडी), पांढरे पाय सगळं बरोबर असूनही काही उपयोग नाही.

या कामात कातडीवरच्या चुका फार नसतात. चुकतं ते वजन. जनावराचा भार कुठल्या पायावर आहे आणि तो जमिनीपर्यंत कुठल्या हाडातून उतरतो, एवढं डोक्यात पक्कं नसलं तर कितीही बारीक कोरलं तरी शिल्प खेळण्यातलंच दिसतं. ते पक्कं होतं रानाकाठी बसून. फोटो बघून होत नाही. म्हणून हे टिपण कार्यशाळेतून नाही, रानातून सुरू होतं.

वर्षाची वाटणी

आपल्याकडे या धंद्याचं वर्ष पावसावर बेतलेलं असतं. कणकुंबी, जांबोटी, चोर्ला हा भाग अतिपावसाचा. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, म्हादई जवळच्याच देगावच्या बाजूने निघते. जून ते सप्टेंबर रानात जाऊन उपयोग नाही. जळवा, धुकं, ओढ्यांना पाणी आणि दहा हातांपलीकडचं दिसत नाही. पण हाच काळ मातीकामाला उत्तम. हवा ओलसर असते, माती दिवसभर उघडी राहिली तरी भेगाळत नाही. उलट मार्च-एप्रिलमध्ये तासाभरात कान आणि शेपटी वाळून झडतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी लवकर आणि दिवस मावळायच्या आधीचा तासभर गवे गवताळ माळांवर आणि शेताच्या कडेला येतात. मार्च ते मे पानगळीमुळे रान मोकळं होतं, पाण्याची ठिकाणं कमी होतात, जनावर एका जागी जास्त वेळ थांबतं. रेखाटनासाठी हेच दिवस खरे कामाचे. तेव्हा नोव्हेंबर ते मे बघायचं, पावसाळ्यात मातीत घडवायचं आणि पाऊस ओसरला की ऑक्टोबरपासून साचा, ओतकाम, वाळवण. बघणं आणि ओतणं हिवाळ्यात एकमेकांवर येतं, तर सकाळ रानाला द्यावी, दुपार कामाला. प्लास्टर आणि रेझिन ऐन पावसात करायला जाणारे दुप्पट वेळ आणि दीडपट पैसा घालवतात. जुलैत आणलेली प्लास्टरची गोणी दमट हवेत मरते. कालवल्यावर एकतर लगेच गठ्ठे होतात, नाहीतर जमतच नाही.

रानाचे नियम

भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. आत जायला, अभ्यास करायला, फोटो काढायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. अर्ज वनखात्याच्या कार्यालयात द्यायचा. तो कन्नडमध्ये लिहिलेला असला तर काम सोपं होतं. वनरक्षकाशी बोलताना चार शब्द माहीत असावेत. गव्याला काटी किंवा काडुकोण, सांबराला कडवे, अस्वलाला करडी, बिबट्याला चिरते. 'काटी कुठे दिसतात' एवढं विचारता आलं तरी माणूस मोकळा बोलतो.

शिकण्यासाठी अभयारण्यात शिरलंच पाहिजे असं मुळीच नाही. रस्त्याची कड, गावाचा माळ, धनगरवाड्याच्या शिवारातला बांध या जागा पुरतात. धनगर गवळ्यांच्या म्हशी जिथे चरतात तिथल्याच माळावर पहाटे गवे येऊन गेलेले असतात. हंगामात कुठला कळप कुठे उतरतो हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

रानातून काहीही उचलून आणायचं नाही. सांबराचं गळून पडलेलं शिंग, मेलेल्या गव्याची कवटी, खवल्या मांजराचा एखादा खवला, हे सगळं कायद्याने सरकारी मालमत्ता. 'फक्त अभ्यासासाठी' हे उत्तर चालत नाही. कार्यशाळेत असं शिंग सापडलं तर शिल्पकलेचं करिअर तिथेच संपतं. शिंगाचा अभ्यास गावातल्या बैलावर करा आणि गव्याच्या शिंगाचा फरक वहीत काढा: बुंध्याशी जाड, बाहेर जाऊन वर व आत वळलेलं, रंगाने पिवळट-हिरवट, टोक काळं, आणि दोन शिंगांच्या मध्ये कपाळावर राखाडी फुगवटा. हा फुगवटा म्हशीला नाही, बैलाला नाही. नवखे तो विसरतात आणि डोकं सपाट निघतं.

अंतराबद्दल स्पष्टच सांगायचं तर पन्नास मीटरच्या आत गव्याजवळ जाण्यासारखं शिल्पात काही नाही. एकटा नर कळपापेक्षा जास्त बेभरवशाचा. तो आडवा उभा राहून अख्खी बाजू दाखवू लागला, फुंकारला, डोकं खाली घेऊन पाय आपटू लागला, की वही मिटून मागे सरकायचं. तो आडवा उभा राहतो ती पोझ शिल्पासाठी अप्रतिम असते हे खरं, पण ती तुम्हाला हाकलण्यासाठी असते. अस्वलाचं त्याहून वाईट. ते वारुळं उकरण्यात गुंग असतं, जवळ पोचेपर्यंत त्याला पत्ता लागत नाही आणि मग ते थेट अंगावर येतं. पहाटे एकट्याने पायवाटेवर गप्प चालू नये, बोलत चालावं.

वहीत काय उतरवायचं

ए-५ आकाराची वही, ६बी पेन्सिल, बस्स. कॅमेरा पिशवीत राहू द्या, निदान पहिला तासभर. रेखाटन तीस सेकंदांचं, आणि त्यात तीनच रेषा: पाठीची, भार घेतलेल्या पायाची, डोक्याच्या कलाची. डोळे, कान, पोत काहीही काढायचं नाही. दिवसाला चाळीस रेखाटनं झाली तर त्यातली तीन कामाची निघतात आणि तेवढी पुरतात. 'जनावर हललं म्हणून चित्र अपुरं राहिलं' ही तक्रार नवखे करतात. हललं तेव्हाच तर भार एका पायावरून दुसऱ्यावर गेला. तो बदल बघायलाच आपण तिथे बसलेलो असतो.

चालण्याचा क्रम पाठ करून टाका: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. चालताना कायम दोन किंवा तीन पाय जमिनीवर असतात. समोरासमोरचे कर्णावरचे पाय एकदम उचलले की ती दुडकी चाल होते. पाय दुडक्या चालीचे आणि मान शांत चरणाऱ्या जनावराची, अशी शिल्पं बाजारात कितीतरी आहेत. बघणाऱ्याला काय खटकतं ते सांगता येत नाही, पण खटकतं.

पायांचे ठसे हा या कामातला सर्वांत स्वस्त गुरू. गव्याचे पुढचे खूर मागच्यांपेक्षा मोठे असतात, कारण निम्म्याहून जास्त भार पुढच्या पायांवर असतो. ओल्या मातीत पुढचा ठसा रुंद आणि खोल उमटतो. साच्यासाठी साधारण २५० ग्रॅम प्लास्टर, १५० मिलिलिटर पाणी, भोवती पत्र्याची पट्टी, वीस-पंचवीस मिनिटं. (अभयारण्यात हे विचारल्याशिवाय करू नका आणि सांडलेलं प्लास्टर मागे ठेवू नका.) असे पुढच्या-मागच्या पायांचे चार साचे टेबलावर ठेवले की भार पुढे असतो हे वेगळं शिकवावं लागत नाही.

फोटोबद्दल एकच सूचना. मोबाइलने जवळून काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि पुठ्ठे बारीक दिसतात. त्यावरून मापं घेतली की शिल्पातही तेच होतं. मापासाठी फोटो लांबून आणि अगदी काटकोनातून काढलेला हवा. डोक्याची लांबी हे एकक धरा आणि खांद्याची उंची, छातीची खोली, कोपरापासून जमिनीपर्यंतचा पाय, सगळं त्या एककात मोजा. छाती आणि पाय यांचं प्रमाण दोनदा तपासा. नवख्याच्या मातीत पाय हटकून लांब निघतात, कारण मन हरणाच्या बाजूला झुकतं.

रानात जनावर दिसलं नाही अशा दिवसांसाठी भूतरामनहट्टीचं राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालय बेळगावपासून जवळ आहे, मांजरकुळासाठी चांगलं. पिंजऱ्यातल्या जनावराला मात्र मोकळ्या जनावराची मान नसते, हे ध्यानात ठेवून बघावं. फ्रान्समध्ये प्राण्यांची शिल्पं करणारा आंत्वान-लुई बारी (१७९५–१८७५) पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या जनावरांची चिरफाड बघून मापं घ्यायचा. त्याच्यानंतरचा शिल्पकार रेम्ब्रांट बुगाटी (१८८४–१९१६) अँटवर्पच्या प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यासमोर उभं राहून थेट मातीत घडवायचा. दोघांच्या कामात फरक दिसतो तो इथून आलेला: बारीचे स्नायू ताठ आणि हिशेबी, बुगाटीचं जनावर श्वास घेताना पकडलेलं. शिकणाऱ्याने आधी बारी व्हावं, नंतर बुगाटी, असं आमचं मत. उलट केलं तर हात सैल राहतो.

गोठ्यातला अभ्यास

हाडं शिकायला रान लागत नाही, गोठा लागतो. बैलाच्या पुढच्या पायाचं ज्याला आपण ढोपर म्हणतो ते खरं तर मनगट. मागच्या पायाचा मागे निघालेला कोपरा म्हणजे टाच. खूर म्हणजे दोन बोटांची नखं. एवढं कळलं की पायाच्या सांध्यांच्या उंचीत चूक होत नाही. खरं कोपर छातीला लागून असतं, खरा गुडघा पोटाच्या कडेला, कातडीखाली झाकलेला.

दुसरी गोष्ट फऱ्याची, म्हणजे खांद्याच्या सपाट हाडाची. जनावराला गळपट्टीचं हाड नसतं. फरा पाठीच्या कण्याला हाडाने जोडलेला नाही, धड दोन फऱ्यांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत लटकलेलं असतं. म्हणून ज्या पुढच्या पायावर भार येतो त्या बाजूच्या फऱ्याची वरची कड वर सरकते आणि दुसरी खाली राहते. बैलाच्या पाठीवर हात ठेवून त्याला दहा पावलं चालवा, तळहाताला सगळं कळेल. शिल्पात हा अर्ध्या सेंटिमीटरचा फरक दाखवला की जनावर उभं राहतं. दोन्ही फरे एका उंचीवर ठेवले की ते टेबल होतं, चार पायांचं.

बेंदराला घरोघरी होणारे मातीचे बैल आठवा. त्यांचे पाय खुंट्यांसारखे आखूड आणि बुंध्याशी जाड असतात. ते अज्ञान नव्हे. आधाराशिवाय कच्ची माती एवढाच पाय पेलते.

आर्मेचर (आतला सांगाडा) आणि माती

पहिलं शिल्प १:६ प्रमाणात करा. मोठा नर खांद्याशी १८० सेंटिमीटर धरला तर शिल्प ३० सेंटिमीटर उंच होतं. लांबी सहाने कमी होते, पण घनफळ सहा गुणिले सहा गुणिले सहा, म्हणजे २१६ ने. नऊशे किलोचा गवा सव्वाचार लिटरच्या आसपास येतो. ओल्या मातीचा विचार केला तर भरीव शिल्पाला साधारण ८ किलो. वाया जाणारी धरून १२ किलो मळून ठेवा. हाच हिशेब उलटा वापरायचा: शिल्प दुप्पट उंच केलं की माती आठपट लागते, साच्याचं रबर आणि रेझिन चौपट. 'थोडंसं मोठं करा' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला हे कागदावर मांडून दाखवावं.

बोर्ड १८ मिलिमीटर मरीन प्लायचा, ६० बाय ३० सेंटिमीटर, खाली दोन पट्ट्या मारलेला, नाहीतर ओलीने वाकतो. भार पेलायला १० मिलिमीटरची लोखंडी सळई काटकोनात वाकवून प्लेटने बोर्डाला पक्की करा आणि ती जनावराच्या मागच्या बाजूने कुशीत शिरवा. पायांवर भार टाकायचा नाही. पायांसाठी ४ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार दुहेरी पिळून, खुरापाशी बोर्डात दोन सेंटिमीटर खोल. लोखंडाला शेलॅक (लाखेचं वार्निश) किंवा एनॅमल लावा, नाहीतर गंज मातीत उतरतो आणि प्लास्टरवर डाग येतात.

पोटाच्या जागी शेलॅक लावलेला लाकडी ठोकळा घातला की तीन किलो माती वाचते. त्याच्याखाली लाकडाच्या दोन काटक्या फुलीसारख्या बांधून तारेने लोंबत्या ठेवायच्या, याला बटरफ्लाय म्हणतात. हे टाळलं की तिसऱ्या दिवशी पोट खाली सरकतं, त्याबरोबर कोपरं खाली येतात आणि पाय आपोआप आखूड दिसू लागतात. नवखा मग खुरांजवळ माती वाढवत बसतो. दुखणं पोटात आणि औषध पायाला.

माती खानापूरची लाल चालते, शाडू चालतो. खानापूरची माती कौलांसाठी आणि कुंभारकामासाठी नावाजलेली. दोन दिवस भिजवून, खडे काढून, हाताला न चिकटेल इतपत मळावी. थर चढवण्याचा क्रम असा: आधी मणके आणि तो उंच कणा, मग बरगड्यांचा पिंजरा (तेरा जोड्या), मग ओटीपोट आणि पुठ्ठ्याचं हाड, मग फरे, मांड्या, शेवटी मान. डोकं अगदी शेवटी. डोक्यापासून सुरुवात करणाऱ्याचं अंग डोक्याच्या मानाने लहान पडतं, हे इतक्या वेळा होतं की त्याला नियमच म्हणावं.

पोळीबद्दल एक बारकावा. गव्याला हनुवटीखाली एक लहान आणि पुढच्या पायांच्या मध्ये एक मोठी, अशा दोन पोळ्या असतात. बैलासारखी सलग एकच झालर काढली की गाय दिसते. शेपटीही तुलनेने आखूड, साधारण टाचेच्या सांध्यापर्यंतच. अंगावर केस आखूड आणि चकचकीत, त्यामुळे सगळीकडे केसांच्या रेघा ओढायच्या नाहीत. गव्याचा पोत म्हणजे मोठ्या सपाट पृष्ठभागावर सरकणारा उजेड. अस्वलाला मात्र केसांचे झुबके लागतात, आणि ते वाढीच्या दिशेने, खांद्यापासून खाली.

रोज काम थांबवताना ओलं सुती कापड आणि वरून प्लास्टिक. कापड थेट शिंगांवर टाकू नका, भाराने वाकतात.

मातीतून टिकाऊ वस्तूत

इथे निवड करावी लागते, आणि ती पोझ ठरवण्याआधी. भाजायचं असेल तर आर्मेचर चालत नाही. शिल्प पोकळ हवं, भिंत १० ते १५ मिलिमीटर, मातीत एक चतुर्थांशाच्या आसपास भाजलेल्या विटेची चाळलेली पूड. सारखी जाडी नसली की पातळ भाग आधी वाळून ओढला जातो आणि जोडावर फुटतो. पावसाळ्यात सावलीत दोन-तीन आठवडे वाळवा. भट्टीत शंभर अंशांच्या आसपास ताप अगदी सावकाश चढवा, कारण आत राहिलेल्या ओलीची वाफ होते आणि मांडी उडते. ५७३ अंशांवर मातीतल्या गारेचं (क्वार्ट्झचं) रूप बदलतं, तिथेही घाई नको. लाल माती ८५० ते ९५० अंशांत पक्की होते. उभा गवा भाजलेल्या मातीत करण्याचा हट्ट धरू नये. बसून रवंथ करणारा करावा, पाय अंगाखाली दुमडलेले, म्हणजे माती आणि पोझ एकमेकांना साथ देतात. बसलेल्या गव्यातही तो कणा आणि त्याची पायरी तेवढीच दिसते. भट्टीचं तंत्र शिकायला खानापूरला खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम संस्था आहे. शिल्पकलेचे विद्यार्थी तिकडे फारसे फिरकत नाहीत, ही त्यांची चूक.

फायबर हा मोठ्या आणि हलक्या कामाचा मार्ग. मातीवरून प्लास्टरचा साचा काढायचा. पहिला थर रंग टाकून ५ मिलिमीटर, म्हणजे फोडताना छिन्नी कुठे थांबवायची ते कळतं. वरचा थर धरून एकूण अडीच-तीन सेंटिमीटर. कालवताना पाण्यात प्लास्टर शिंपडायचं, प्लास्टरवर पाणी ओतायचं नाही. वजनाने १०० ला ६५-७० पाणी. साचा पूर्ण वाळल्यावर शेलॅक, मेण, मग रेझिन आणि काचेची मॅट, दोन ते तीन थर. हार्डनर एक ते दोन टक्के. कोबाल्ट (रेझिन लवकर जमवणारं रसायन) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच दुसरं. दमट हवेत पृष्ठभाग चिकट राहतो, म्हणून हे काम ऑक्टोबरनंतरच.

ब्राँझ हवं असेल तर आधी हे समजून घ्या की बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांचं मुख्य काम बीडाचं (ओतीव लोखंडाचं) आणि मशिनच्या भागांचं. तिथली माणसं धातू उत्तम जाणतात, पण वाळूच्या साच्यातून शिंगं-कान-पोळी असलेलं जनावर सुटत नाही. त्याला मेणाची पद्धत लागते आणि ते करणारा ओतारी शोधावा लागतो. पुतळ्यांचं ओतकाम करणारे कोल्हापूरकडे आहेत.

मेणाच्या पद्धतीत आधी मातीवर सिलिकॉन रबराचा साचा, जाडी ५-६ मिलिमीटर, १:६ च्या गव्याला दोन किलोच्या आत रबर. तेलमाती वापरली असेल तर तिच्यात गंधक आहे का विचारा. प्लॅटिनमवर जमणारं सिलिकॉन गंधकामुळे जमतच नाही, चिकट राहतं आणि सगळं वाया जातं. रबराच्या साच्यात मेण फिरवून ४-५ मिलिमीटरची पोकळ प्रत काढतात. आत प्लास्टर आणि सुरखीचा (विटेच्या पुडीचा) गाभा, तो जागच्या जागी धरायला खिळे. खिळे कंजूसपणे मारले की मेण वितळल्यावर गाभा सरकतो, आणि कुशीत एका बाजूला भोक, दुसऱ्या बाजूला दुप्पट जाडी. साचा भट्टीत पूर्ण कोरडा झाला पाहिजे. ओलसर साच्यात तापलेला धातू ओतणं म्हणजे जिवाशी खेळ. शिंगांची टोकं शेवटी भरतात आणि धातू तिथे पोचेपर्यंत गार होतो, म्हणून टोकांना हवा जायला वाट ठेवा किंवा शिंगं वेगळी ओतून जोडा. ब्राँझ थिजताना दीड टक्क्याच्या आसपास आकसतं. घरात ठेवायच्या शिल्पात ते कळत नाही, पण ठरलेल्या मापाच्या चौथऱ्यावर चार खूर बसवायचे असतील तर कळतं.

५ मिलिमीटर भिंतीचा असा गवा दहा किलोच्या आसपास भरतो. धातू आणि हवा जायच्या वाटांचं, नळ्यांचं वजन वेगळं. भाव मागताना ओताऱ्याला वजन, भिंतीची जाडी आणि किती तुकड्यांत ओतणार हे तिन्ही विचारा.

शिक्षण आणि कामं

पदवी हवी असेल तर शिल्पकलेचा चार वर्षांचा बी.एफ.ए. मुंबईचं सर जे. जे. (स्थापना १८५७), बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ, म्हैसूरची चामराजेंद्र अकादमी ही माहितीतली ठिकाणं. महाराष्ट्रातल्या प्रवेशांत ८६५ सीमागावांच्या उमेदवारांसाठी जी तरतूद असते ती त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत नीट वाचा. दाखला कुठल्या नमुन्यात हवा यावर बरेच अर्ज अडतात, आणि तो मिळवायला जे पंधरा दिवस लागतात ते शेवटच्या आठवड्यात नसतात.

बेळगावातल्या गणपतीच्या कार्यशाळांत मे ते ऑगस्ट काम मिळतं. साचा, जोड, फिनिशिंग, वेळेत माल देणं हे तिथे जसं शिकता येतं तसं कॉलेजात नाही. मात्र तिथे मूषकाची आणि नंदीची ठरीव रूपं हातात बसतात. तीन हंगाम झाले की हात प्रत्येक जनावराला तोच नंदी करायला लागतो. तेव्हा त्या महिन्यांतही गोठ्यातलं रेखाटन सोडू नका. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकरांचं (१८९१–१९६७) अलिबागजवळच्या सासवण्याचं घर-संग्रहालय एकदा जाऊन पाहा. सिमेंटसारख्या साध्या साहित्यात त्यांनी काय साधलंय ते पाहिलं की ब्राँझसाठी पैसे नाहीत ही सबब उरत नाही.

मागणी येते ती रिसॉर्ट, निसर्ग शिबिरं, उद्यानं आणि रस्त्यालगतच्या चौकांकडून. बहुतेकांना वाघ हवा असतो, डरकाळी फोडणारा. द्यावा, पोट आहे. पण त्याच जागी राहणारं जनावर सुचवून बघायला हरकत नाही: शेकरू, धनेश, पिसोरी (हरणासारखं चिमुकलं जनावर), खवल्या मांजर. कबुलीपत्रात चार गोष्टी लिहून घ्या. लहान नमुना मंजूर झाल्यावर पोझ बदलणार नाही. पैसे टप्प्याटप्प्याने, मातीचं काम मंजूर होईपर्यंत निम्मे हातात. साचा शिल्पकाराकडे राहणार. चौथरा कोण बांधणार. या चौथ्या मुद्द्यावर सर्वांत जास्त भांडणं होतात, कारण गवंडी चौथरा आपल्या मापाने बांधतो आणि खूर बाहेर येतात.

उघड्यावर ठेवायच्या पूर्णाकृती पोकळ शिल्पात पाणी शिरणारच, जांबोटीच्या पावसात तर नक्की. ते वरून जोडातून आत जातं आणि पायांत साठतं. पोटाखाली भोक पाडून उपयोग नाही, पाणी त्याच्या खालीच राहतं. प्रत्येक खुराच्या मागच्या बाजूला, चौथऱ्याला लागून, ८ ते १० मिलिमीटरचं भोक ठेवा आणि दर मे महिन्यात तार घालून ते मोकळं करा. कुंभारमाश्या त्यात घरटी करतात.